‘युद्धावर गेलोच नाही, मग नोकरी कोणत्या तोंडाने मागू?’

वाचकाचं पत्र (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून, संक्षेपात): मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, आता न्यू जर्सीत राहतो. अमेरिकी आर्मी रिझर्व्हमध्ये सप्लाय सार्जंट आहे. एरवी एका औषध वितरण कंपनीत इन्व्हेंटरी अ‍ॅनालिस्ट, सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी कलम १२३०२ खाली सक्तीच्या बोलावणीची ऑर्डर आली आणि तेरा महिने टेक्सासच्या फोर्ट ब्लिसवर काढले. परदेशी जाणाऱ्या तुकड्यांना सामान देणं आणि परतणाऱ्यांकडून मोजून घेणं हे माझं काम. पुढच्या महिन्यात सेवेतून सुटी होईल. दरम्यान कंपनीत फेररचना झाली. माझ्या जागी दुसरा माणूस आहे. मॅनेजरने ईमेल पाठवली: ‘परत आलास की पोर्टलवर अर्ज कर, गोदामात एक जागा निघेल, पगार थोडा कमी असेल.’ आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘तू देशातच होतास, मिळेल ते घे, हक्काची भाषा करू नकोस.’ मलाही तसंच वाटतं. बायकोला विम्याची काळजी आहे. गुपचूप खालची जागा घेऊ, भांडू, की दुसरीकडे नोकरी बघू?

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मॅनेजरला काय उत्तर द्यायचं हा एक, आणि आपल्या तेरा महिन्यांची किंमत काय हा दुसरा. दुसरा सुटत नाही म्हणून पहिला अडलाय, तेव्हा आधी तोच घेऊ.

आबांचं म्हणणं कुठून येतं ते समजतं. आपल्याकडच्या फौजी घरांत पोस्टिंग दोनच प्रकारची, फील्ड (सीमेवरची) आणि पीस (शांत ठाण्यावरची), आणि फील्डवाल्याचा मान वेगळा. तो असावाच. पण मान ही एक गोष्ट आणि सेवा मोजणं ही दुसरी. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये ज्या उस्तादांनी आबांना रिक्रूटचं जवान केलं, ते त्या दिवसांत सीमेवर नव्हते. म्हणून त्यांची वर्षं कुणी कमी धरली नाहीत. आबांना हे आम्ही सांगायला नकोच. तुम्ही नेमकं काय काम करत होता, हे मात्र त्यांना बहुधा कुणी नीट सांगितलेलं नाही. २०६२ क्रमांकाच्या हँड रिसीटवर, म्हणजे सामानाच्या पोचपावतीवर, घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय एकही नाइट व्हिजन तुमच्या काउंटरवरून हललं नसेल. सीरियल नंबरचा एक आकडा चुकला तर तिकडे परदेशात कुणा लेफ्टनंटच्या पगारातून त्याची भरपाई निघू शकते. हे त्यांना सांगून बघा. क्वार्टरमास्टरचा हिशेब काय असतो हे जुन्या सुभेदाराला पक्कं ठाऊक असतं.

आता कायदा काय विचारतो ते बघू. सुटीच्या वेळी तुमच्या हातात डीडी-२१४ हा सेवा संपल्याचा दाखला पडेल. त्यात १२-एफ हा परदेश सेवेचा खाना आहे आणि तुमच्या फॉर्मवर तिथे शून्यं असतील. तुमचं सगळं लक्ष त्या शून्यांवर आहे. नोकरीवर परत घेण्याच्या कायद्याला त्या खान्याशी काहीही देणंघेणं नाही. त्याला बघायचे आहेत १२-बी, म्हणजे सेवा संपल्याची तारीख, आणि २४, म्हणजे सेवेचा दर्जा (ती सन्मानाने संपली की नाही). १९९४ च्या या कायद्याला सगळे ‘यूसेरा’ म्हणतात आणि त्यात ‘कुठे’ हा प्रश्नच नाही. नोकरी सोडताना कंपनीला कळवलं होतं का, त्या कंपनीत असतानाची एकूण सैन्यसेवा पाच वर्षांच्या मर्यादेत आहे का, दर्जा ठीक आहे का, आणि मुदतीत परत आलात का, इतकंच तो विचारतो. १२३०२ खालची सेवा तर त्या पाच वर्षांत धरलीही जात नाही. ते कलम राष्ट्रीय आणीबाणीतल्या सक्तीच्या बोलावणीचं आहे, आणि १४ सप्टेंबर २००१ ला जाहीर झालेली ती आणीबाणी दरवर्षी वाढवली जाते. ९/११ नंतरच्या जीआय बिलाचंही (सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या लाभांचा कायदा) तसंच: सहा ते अठरा महिन्यांच्या सेवेला ६० टक्के लाभ, मग ती टेक्सासमध्ये झालेली असो की कुवेतमध्ये. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सैन्यसेवेवर नागरिकत्व मागणाऱ्या ग्रीनकार्डधारकांनाही परदेशी तैनातीची अट नाही.

तेव्हा मॅनेजरच्या ईमेलकडे या नजरेने बघा. ‘पोर्टलवर अर्ज कर’ हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात तुम्ही नवे उमेदवार होता. तसं करू नका. पोर्टलवरून आलात की रुजू होण्याची तारीख नवी पडते, सहा वर्षांची ज्येष्ठता शून्यावर येते, विम्याला प्रतीक्षा काळ लागतो आणि सुट्ट्यांचा दर पहिल्या वर्षाचा होतो. मॅनेजरच्या मनात पाप असेलच असं नाही. पुष्कळ कंपन्यांत असा माणूस परत येण्याची वेळ क्वचित येते आणि कुणाला नियम माहीत नसतो. कारण अज्ञानाचं असलं तरी नुकसान तुमचंच, म्हणून पहिलं पाऊल तुमच्या पद्धतीने पडू द्या.

तुम्हाला परत मिळायची ती जागा नेमकी कोणती? तुम्ही सोडून गेलात ती नव्हे. तुम्ही गेलाच नसता तर आज जिथे असता, ती. हा विचार १९४० च्या भरती कायद्यापासून चालत आलाय. १९४६ साली ब्रुकलिनच्या गोदीतल्या फिशगोल्ड नावाच्या वेल्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरकत्या जिन्याची उपमा दिली: सैनिक उतरला त्या पायरीवर नव्हे, तर एव्हाना ज्या पायरीवर पोचला असता तिथे त्याने पाय ठेवायचा. फिशगोल्ड तो खटला हरला, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्याहून जुन्या कामगारांना काम देऊन त्याला काही दिवस घरी बसवलं होतं. न्यायालय म्हणालं, कायदा तुमची जागा राखतो, तुम्हाला इतरांच्या पुढे नेत नाही. जिना खालीही जातो. फेररचनेत तुमचा अख्खा गट बंद झाला असेल आणि तुम्ही इथे असता तरी नोकरी गेलीच असती, तर कंपनी तसं म्हणू शकते. ते सिद्ध करायची जबाबदारी मात्र तिची.

तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही. तुमच्याच पत्राप्रमाणे तुमच्या जागी माणूस बसलाय, म्हणजे काम शिल्लक आहे. ‘तुझ्या जागी दुसरा घेतला’ हे कारण कायद्याला मुळीच चालत नाही, त्यासाठी त्या माणसाला हलवावं लागलं तरी. तुमची सेवा ९० दिवसांहून जास्त झाली, म्हणून तीच किंवा ज्येष्ठता, दर्जा आणि पगार या तिन्हींत तिच्या तोडीची दुसरी जागा देण्याची मुभा कंपनीला आहे. गोदामातली कमी पगाराची जागा तोडीची ठरत नाही. तेरा महिन्यांत सॉफ्टवेअर बदललं असेल तर शिकवण्याचे वाजवी प्रयत्न कंपनीने करायचे. त्यात तुमची बाजू भक्कम आहे. आर्मीची जीसीएसएस ही सामानाच्या हिशेबाची प्रणाली एसएपी या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि तुम्ही वर्षभर रोज तीच चालवत होता. परतल्यावर बायोडेटात ‘लष्करी सेवा’ एवढंच लिहून थांबू नका, हे नीट लिहा.

जाण्याआधी जुन्या सहकाऱ्यांकडून गप्पांच्या ओघात काही गोष्टी काढून घ्या. तुमच्या जोडीचे अ‍ॅनालिस्ट आज कोणत्या पदावर आहेत? सरसकट वाढ किती झाली? बढती वर्षांवर मिळाली की निवडीने? तुमच्या बरोबरीचे सगळेच ‘सीनियर’ झाले असतील तर तुम्हीही झाला असता हे वाजवी खात्रीने म्हणता येतं आणि तीच जागा मागता येते. दहातल्या एकालाच निवडून घेतलं असेल तर तो दावा ताणू नका. गुणवत्तेवरच्या पगारवाढीसाठी तुमच्या आधीच्या मूल्यांकनांचा इतिहास बघतात, तेव्हा ते कागद शोधून ठेवा.

आता करायचं काय ते सांगतो. फोर्ट ब्लिस सोडण्यापूर्वी डीडी-२१४ चा मसुदा सहीआधी डोळ्यांत तेल घालून वाचा. १२-ए आणि १२-बी च्या तारखा ऑर्डरशी जुळतात का? १८ व्या खान्यात तुम्हाला १२३०२ खाली बोलावल्याची ओळ आहे का? ती राहून जाणं ही नेहमीची चूक आहे आणि घरी गेल्यावर दुरुस्तीला महिनोन् महिने लागतात. प्रतींमध्ये ‘मेंबर-४’ ही तुमच्या कामाची. ‘मेंबर-१’ वर सेवेचा दर्जाच छापलेला नसतो. ऑर्डरच्या आणि मुदतवाढीच्या प्रतीही घ्या. रजा महिन्याला अडीच दिवसांनी साठते, म्हणजे तेरा महिन्यांत साडेबत्तीस दिवस. ती शेवटी जोडून घेतली तर १२-बी ची तारीखही तेवढी पुढे जाते. मुदत त्या तारखेपासून मोजायची. घरी पोचल्याच्या दिवसाशी तिचा संबंध नाही.

सेवा १८० दिवसांहून जास्त झाली की अर्जाला ९० दिवस मिळतात. तुम्ही तेवढे थांबू नका. अर्ज पोचला की साधारण दोन आठवड्यांत कामावर घेणं अपेक्षित असतं, म्हणजे उशिराचा प्रत्येक आठवडा तुमच्याच पगारातून जातो. थोडी विश्रांती हवी असेल तर जरूर घ्या, पण तारीख आधी ठरवून घ्या.

अर्जाला ठरावीक नमुना नाही, तोंडी सांगितलेलंही चालतं. पण नंतर ‘आम्हाला कळलंच नाही’ हे ऐकावं लागू नये म्हणून लेखीच द्या. पाच-सहा वाक्यं पुरतात. अमुक तारखेपासून या पदावर होतो. अमुक तारखेला सैन्यसेवेसाठी गेलो आणि त्याची सूचना दिली होती. अमुक तारखेला सेवा सन्मानाने पूर्ण झाली. यूसेराखाली पुनर्नियुक्तीसाठी हा अर्ज करत आहे. अखंड नोकरीत राहिलो असतो तर मिळाली असती त्या जागेवर, अमुक तारखेपासून रुजू व्हायला तयार आहे. सेवेचे कागद सोबत आहेत. फेररचनेबद्दल तक्रार, मॅनेजरला टोमणा, ‘शक्य असेल तर’, ‘मिळेल ते’ यांतलं काहीही नको. एचआर आणि मॅनेजर दोघांना ईमेल करा, स्वतःच्या खाजगी पत्त्यावरून, कारण ऑफिसचं खातं बंद असू शकतं. तेच पत्र पोचपावतीच्या सर्टिफाइड टपालानेही पाठवा. सेवा ३० दिवसांहून जास्त असल्याने कंपनी कागद मागू शकते. डीडी-२१४ हाती यायला वेळ लागला तर तेवढ्या कारणाने तिला तुम्हाला ताटकळत ठेवता येत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकून प्रत द्या.

उत्तरात नवं ऑफर लेटर आलं तर सही करण्याआधी रुजू होण्याची मूळ तारीख शोधा. कसल्याही दाव्यातून कंपनीला मुक्त करणारा मजकूर असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. गुपचूप खालची जागा घेण्यात खरा धोका हाच आहे. सहा महिन्यांनी वाद झाला तर ‘तुम्हीच राजीखुशीने घेतली’ असं म्हणतील. पोटासाठी तात्पुरतं रुजू व्हावंच लागलं तर त्याच दिवशी ईमेल करा, की पुनर्नियुक्तीचा माझा अर्ज कायम आहे, हे तोवरचं काम म्हणून करतो आहे.

वहिनींची काळजी रास्त आहे आणि तिला चांगलं उत्तर आहे. कंपनीचा विमा कामावर परतल्याच्या दिवसापासून, प्रतीक्षा काळाशिवाय लागू व्हायला हवा. कुटुंबालाही. मधल्या दिवसांसाठी, आणीबाणीतल्या मोहिमेच्या समर्थनार्थ बोलावलेल्यांना सेवेनंतर १८० दिवस ट्रायकेअरचं, म्हणजे लष्करी आरोग्य विम्याचं, संक्रमणकालीन संरक्षण मिळतं. डीअर्स या लष्करी लाभांच्या नोंदणी प्रणालीत ते नोंदलंय का हे तळावर असतानाच तपासा. रिझर्व्हमध्ये कायम राहणार असाल तर पुढे ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हप्ता भरून घेता येतं. नोकरीचं बोलणं लांबलं तरी घर विम्याविना राहणार नाही.

४०१-के, म्हणजे कंपनीतल्या निवृत्ती बचत योजनेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोक सर्वांत जास्त पैसे तिथेच सोडून देतात. सेवेच्या काळातले न भरलेले हप्ते तुम्ही नंतर भरू शकता आणि भरलेत की कंपनीलाही आपला वाटा द्यावा लागतो. मुदत सेवेच्या तिप्पट, जास्तीत जास्त पाच वर्षं. तुमच्यासाठी ३९ महिने. समजा पगार महिना ७,००० डॉलर, तुमचा हप्ता ६ टक्के आणि कंपनी त्याच्या निम्मे घालते. तेरा महिन्यांचे तुमचे ५,४६० होतात, म्हणजे ३९ महिन्यांत महिन्याला फक्त १४० डॉलर जादा. त्यावर कंपनीचे २,७३०. मधल्या काळात बुडालेला परतावा मात्र कुणी देत नाही, म्हणून लवकर सुरू करा. पगार विभागाला लेखी सांगा की ही सैन्यसेवेच्या काळाची भरपाई आहे. नाहीतर ते ती चालू वर्षाच्या मर्यादेत धरून मधेच थांबवतात. आणि हे त्याच कंपनीत असेपर्यंतच करता येतं.

कंपनी नाही म्हणाली तर लगेच कोर्ट नाही. संरक्षण खात्याच्या ईएसजीआर या, मालक आणि राखीव सैनिकांमधले वाद मिटवणाऱ्या, कार्यालयाचे मध्यस्थ आहेत. ते फुकट आणि कुणाची बाजू न घेता एचआरशी बोलतात, आणि अज्ञानातून आलेला नकार बहुतेक वेळा तिथेच विरघळतो. त्याने भागलं नाही तर कामगार खात्याच्या व्हेट्स विभागाकडे १०१० क्रमांकाच्या फॉर्मवर तक्रार करा. तिला शुल्क नाही आणि तपासाला ९० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर प्रकरण न्याय खात्याकडे पाठवायला सांगता येतं किंवा स्वतःचा वकील करता येतो. मॅनेजरची ती ईमेल आजच खाजगी ठिकाणी जपून ठेवा. ‘भांडू का’ असं तुम्ही विचारलंत. मुदतीत, सभ्य शब्दांत अर्ज देणं याला भांडण म्हणत नाहीत. परतल्यावर एक वर्षभर सबळ कारणाशिवाय तुम्हाला काढता येत नाही, म्हणजे डोक्यावर टांगती तलवार ठेवून काम करायची वेळही येणार नाही.

दुसरीकडे नोकरी बघायला आमची हरकत नाही, पण क्रम असा ठेवा: आधी आपल्या जागेवर परत या, मग शोधा. हातात पद आणि पगार असताना नव्या मालकाशी बोलणं वेगळं होतं. शिवाय ते तेरा महिने पेन्शन योजनेत सेवेचा काळ म्हणून जमा झालेले असतात. मधल्या वेळात दुसरीकडे तात्पुरतं काम धरलंत तरी मुदतीत केलेल्या अर्जाचा हक्क जात नाही.

असाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी काही फरक. सेवा ३० दिवसांपर्यंतची असेल तर अर्ज नसतो. घरी सुखरूप पोचून आठ तास विश्रांती झाली की पुढच्या पहिल्या पूर्ण दिवसाच्या नेमल्या पाळीला हजर व्हायचं. ३१ ते १८० दिवसांच्या सेवेला अर्जाची मुदत फक्त १४ दिवस आहे आणि लोक सर्वाधिक तिथेच चुकतात. सेवेत दुखापत झाली असेल तर बरं होण्यासाठी ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. टेक्सासच्या प्रशिक्षणात मोडलेला गुडघाही त्यात येतो. १२३०१-डी खाली स्वेच्छेने गेलेल्यांनी ती सेवा पाच वर्षांच्या मर्यादेत धरली जाते की नाही हे ऑर्डरवरच लिहून घ्यावं. नॅशनल गार्डवाल्यांनी (राज्यांच्या राखीव दलातल्यांनी) आपली ऑर्डर केंद्राची की राज्याची हे बघावं. राज्याच्या सेवेला २०२१ पासून हे संरक्षण मिळतं, पण ती १४ दिवसांची किंवा जास्त असावी लागते, नाहीतर राष्ट्रीय आणीबाणी किंवा मोठ्या आपत्तीसाठी असावी लागते. राज्य सरकारचे नोकर असाल तर २०२२ च्या टोरेस खटल्यापासून राज्यावरही दावा लावता येतो.

आणि कोल्हापूरच्या १०९ किंवा पुण्याच्या १०१ टीए (प्रादेशिक सेना) बटालियनमध्ये असलेल्या वाचकांनी यूसेरा शोधत बसू नये. तुमच्यासाठी प्रादेशिक सेना कायदा, १९४८ चं कलम ७ आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला, ती संपल्यावर, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य तिथे सांगितलंय. मालकाने नाकारलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतक्या भरपाईची तरतूद आहे. बोलावण्याचा आणि सुटीचा, दोन्ही आदेश युनिटमधून शिक्क्यासह घ्या आणि मालकाकडे त्यांची पोच घ्या.